मुख्यमंत्री मंत्र्याचा निर्णय फिरवू शकतात का? पदाचा इतिहास आणि मंत्रालयातला व्यवहार

राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: मुख्यमंत्री हे बाकीच्या मंत्र्यांचे वरिष्ठ असतात की त्यांच्यातलेच एक? मंत्र्याने घेतलेला निर्णय ते फिरवू शकतात का? राज्यघटनेत त्यांच्या अधिकारांची यादी कुठेच सापडत नाही, मग या पदाला एवढे वजन येते कुठून? आणि सरकार जाण्याच्या बेतात असताना त्यांनी घेतलेले निर्णय टिकतात का?

मी मंत्रालयात सामान्य प्रशासन विभागात नोकरी केली, आणि त्यातला मोठा काळ मंत्रिमंडळापुढे जाणाऱ्या प्रस्तावांच्या कामात गेला. त्या अनुभवावरून आधी थेट उत्तर देतो. कायद्याच्या दृष्टीने मंत्री हा मुख्यमंत्र्यांच्या हाताखालचा अधिकारी नाही. आपल्या खात्यात त्याने नियमाप्रमाणे घेतलेला निर्णय मुख्यमंत्र्यांना फाइलीवर शेरा मारून फिरवता येत नाही. मात्र मंत्र्याला कोणते खाते मिळेल, ते त्याच्याकडे किती दिवस राहील आणि त्याचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे केव्हा येईल, हे मुख्यमंत्रीच ठरवतात. सगळे वजन या तीन गोष्टींत आहे, आणि तिन्ही गोष्टी मुख्यमंत्र्यांमागे आमदार उभे असतील तोपर्यंतच चालतात.

पहिल्या भागाचा ताजा पुरावा म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा मार्च २०२३ मधला निकाल. चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतल्या नोकरभरतीला सहकार मंत्र्यांनी परवानगी दिली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांनी त्या भरतीला स्थगिती दिली. प्रकरण न्यायालयात गेले. शासनाच्या कार्यनियमावलीत, म्हणजे कोणते काम कोणी करायचे हे ठरवणाऱ्या नियमांत, खात्याच्या मंत्र्याच्या निर्णयात हस्तक्षेप करण्याचा किंवा त्याचा फेरविचार करण्याचा स्वतंत्र अधिकार मुख्यमंत्र्यांना दिलेला नाही, असे सांगून न्यायालयाने ती स्थगिती रद्द केली. बाहेरच्या लोकांना या निकालाचे आश्चर्य वाटले. कार्यनियमावली हाताळणाऱ्यांना वाटले नाही. खात्याच्या कामाची प्राथमिक जबाबदारी प्रभारी मंत्र्याची, हे तिच्यात स्वच्छ लिहिलेले आहे.

ही रचना अशी का झाली, हे कळायला इतिहासात जावे लागते. परीक्षेच्या पुस्तकांत हा इतिहास दोन ओळींत उरकतात, म्हणून इथे थोडा विस्ताराने सांगतो.

१९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. १९२१ पासून मुंबई इलाख्यात लोकनियुक्त सदस्यांतून मंत्री नेमले जाऊ लागले, रँग्लर र. पु. परांजपे शिक्षण खात्याचे मंत्री झाले ते याच पद्धतीत. पण त्या मंत्र्यांना प्रमुख नव्हता. प्रत्येक मंत्री आपल्या खात्यापुरता थेट गव्हर्नरशी बोलायचा. पोलीस, महसूल आणि मुख्य म्हणजे तिजोरी ही 'राखीव' खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे होती. म्हणजे शिक्षणमंत्र्याने शाळा काढायची म्हटले तरी पैशांसाठी विधिमंडळाला उत्तरदायी नसलेल्या माणसाकडे जायचे. मंत्री होते, मंत्रिमंडळ नव्हते. प्रमुख नसेल तर मंत्र्यांची ताकद किती उरते, हे त्या सोळा वर्षांनी पुरेपूर दाखवले.

१९३५ च्या कायद्याने हे द्वैत काढून टाकले आणि १ एप्रिल १९३७ पासून प्रांतिक स्वायत्तता आली. तरीही त्या कायद्यात प्रांताच्या सरकारप्रमुखाचा पदनामासह उल्लेख नव्हता. कलम ५० मध्ये एवढेच म्हटले होते की गव्हर्नरला साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल. त्याच कलमात पुढे असेही होते की गव्हर्नर स्वतःच्या मर्जीने मंत्रिमंडळाच्या बैठकीचे अध्यक्षस्थान घेऊ शकेल. विधिमंडळात ज्याच्यामागे स्थिर बहुमत राहील अशा व्यक्तीशी सल्लामसलत करून मंत्री निवडावेत, ही सूचना गव्हर्नरला दिलेल्या निर्देशपत्रात होती, कायद्यात नव्हती. अशा आडबाजूच्या सूचनेतून हे पद जन्माला आले. लोक आणि वर्तमानपत्रे मात्र पहिल्या दिवसापासून त्याला प्रांताचे पंतप्रधान म्हणू लागली.

मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान साताऱ्याचे धनजीशहा कूपर. निवडणुकीत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली होती. पण गव्हर्नर आपले विशेषाधिकार रोजच्या कारभारात वापरणार नाहीत असे आश्वासन मिळाल्याशिवाय सत्ता घ्यायची नाही, अशी तिची भूमिका होती. मधल्या काळात कूपर यांचे मंत्रिमंडळ आले. त्यांच्यामागे बहुमत नव्हते. जुलै १९३७ मध्ये वर्ध्याच्या बैठकीत काँग्रेसने सत्ता स्वीकारायचे ठरवले आणि बाळासाहेब, म्हणजे बाळ गंगाधर खेर, पंतप्रधान झाले. त्यांच्या निवडीवरूनही वादळ उठले. मुंबईचे काँग्रेस पुढारी के. एफ. नरिमन यांना हे पद आपल्याकडे येईल अशी अपेक्षा होती. सरदार पटेलांनी आपल्याला डावलले, अशी त्यांची तक्रार होती. गांधीजींपर्यंत चौकशी गेली आणि ती नरिमन यांच्या विरोधात गेली. आमदारांनी नेता निवडायचा की पक्षाच्या वरिष्ठांनी, हा प्रश्न या पदाच्या पाळण्यातच पडला होता.

खेर यांच्या मंत्रिमंडळात मोरारजी देसाई महसूल, कन्हैयालाल मुन्शी गृह आणि अण्णासाहेब लठ्ठे अर्थ खाते सांभाळत होते. कायदेभंगाच्या चळवळीत जप्त झालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी परत देण्याचा कायदा १९३८ मध्ये झाला आणि ऑगस्ट १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. समोरच्या बाकांवर स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी १९३७ मध्येच मांडले आणि औद्योगिक कलहांच्या विधेयकाला सभागृहात आणि रस्त्यावर कडाडून विरोध केला. मंत्र्यांच्या पगाराच्या विधेयकावरचे त्यांचे भाषणही आवर्जून वाचा. प्रांताच्या सरकारला उत्तर द्यायला लावणारा विरोधी पक्ष काय असतो, हे मुंबईने तेव्हा प्रथम पाहिले. मला हे फार महत्त्वाचे वाटते. सरकारप्रमुख सभागृहाला जबाबदार आहे हे वाक्य कागदावरचे राहिले नाही, ते अशा प्रश्न विचारणाऱ्यांमुळे.

पण हे पद म्हणजे नेमके काय, याची खरी कसोटी मुंबईत लागली नाही. ती नागपुरात लागली, आणि मराठी वाचकाला हे प्रकरण नीट माहीत असायला हवे.

मध्य प्रांत व वऱ्हाडचे पंतप्रधान होते डॉ. नारायण भास्कर खरे. त्या प्रांतात हिंदी भाषिक महाकोशल आणि मराठी भाषिक नागपूर-वऱ्हाड असे दोन गट होते, आणि मंत्रिमंडळही त्याच रेषेवर दुभंगलेले होते. पचमढीला समेट झाला, तो टिकला नाही. जुलै १९३८ मध्ये खरे यांनी एक चाल खेळली. त्यांनी स्वतःचा राजीनामा गव्हर्नरकडे दिला आणि सहकाऱ्यांनाही राजीनामे द्यायला सांगितले. हिशेब असा की पंतप्रधान गेला की मंत्रिमंडळ गेले. मग पुन्हा आपल्यालाच पाचारण होईल आणि नको असलेले मंत्री आपोआप गळतील. त्यांच्या बाजूच्या दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. के. मेहता या महाकोशलच्या तिघांनी नकार दिला. पक्षाच्या संसदीय मंडळाने सांगितल्याशिवाय आम्ही हलणार नाही, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा गव्हर्नरने त्या तिघांना बडतर्फ केले आणि खरे यांना नवे मंत्रिमंडळ बनवू दिले. काँग्रेसच्या वरिष्ठांचा संताप झाला. मंत्र्यांना काढायला ब्रिटिश गव्हर्नरचा हात वापरला, हा त्यांच्या दृष्टीने अक्षम्य अपराध होता. दोन-तीन दिवसांत खरे यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला आणि महिना संपता संपता शुक्ल पंतप्रधान झाले.

हे प्रकरण मी सेवेतल्या नव्या अधिकाऱ्यांना नेहमी सांगत असे, कारण आजचे सगळे प्रश्न त्यात आहेत. प्रमुखाच्या राजीनाम्याने मंत्रिमंडळ संपते का? १९३८ मध्ये तिघांनी 'नाही' म्हटले. आज तसे कोणी म्हणणार नाही. नको असलेल्या मंत्र्याला प्रमुख काढू शकतो का? तेव्हा खरे यांना स्वतःचाच राजीनामा पणाला लावावा लागला. आज मुख्यमंत्र्यांचा सल्ला राज्यपालांना पुरतो. सरकारप्रमुख कोणाला उत्तरदायी, सभागृहाला की पक्षाला? याचे उत्तर तेव्हाही दोन ठिकाणी विभागलेले होते आणि आजही आहे.

युद्धात हिंदुस्थानला परस्पर ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. मुंबईत १९४६ पर्यंत कलम ९३ खाली गव्हर्नरचे राज्य होते. आजच्या राष्ट्रपती राजवटीचे मूळ तिथे आहे. १९४६ मध्ये खेर परत आले, आणि २६ जानेवारी १९५० ला त्याच खुर्चीवरचे तेच गृहस्थ मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले.

घटनेने काय बदलले ते आता बघा. अनुच्छेद १६३ मध्ये मुख्यमंत्री मंत्रिमंडळाचे प्रमुख असतील असे स्पष्ट आले. बैठकीचे अध्यक्षस्थान घेण्याचा राज्यपालांचा अधिकार गेला. अनुच्छेद १६४ मध्ये मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतील आणि इतर मंत्र्यांची मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने, असे लिहिले गेले. नागपूरच्या प्रकरणातली अडचण या एका शब्दरचनेने सुटली. मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील, हेही त्याच अनुच्छेदात आहे. अनुच्छेद १६७ मुख्यमंत्र्यांवर कर्तव्य टाकतो: मंत्रिमंडळाचे निर्णय राज्यपालांना कळवणे, त्यांनी मागितलेली माहिती देणे, आणि एखाद्या मंत्र्याने एकट्याने घेतलेला निर्णय राज्यपालांनी सांगितल्यास मंत्रिमंडळापुढे ठेवणे. हे शेवटचे कलम लोक वाचतच नाहीत. एकट्या मंत्र्याचा निर्णय बदलण्याची जागा मंत्रिमंडळ आहे, हे घटनाकारांनी तिथे सुचवून ठेवले आहे. चंद्रपूरच्या निकालाचे तर्कशास्त्र वेगळे नाही. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येला विधानसभेच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. महाराष्ट्रात २८८ आमदार, म्हणून मुख्यमंत्र्यांसह ४३ हा कमाल आकडा.

आता व्यवहाराकडे येतो.

कोणताही शासन निर्णय उघडून शेवटचे पान बघा. 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' अशी ओळ असते आणि तिच्याखाली उपसचिवाची, अवर सचिवाची किंवा कार्यासन अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी. मुख्यमंत्र्यांची सही तिथे नसते. अनुच्छेद १६६ प्रमाणे राज्याचा सगळा कारभार राज्यपालांच्या नावाने चालतो, आणि कोणते काम कोणी करायचे हे कार्यनियमावली ठरवते. महाराष्ट्रात १९७५ ची नियमावली आली ती शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना. सचिवालयाचे मंत्रालय झाले तेही त्यांच्याच कारकिर्दीत. त्या नियमावलीच्या पहिल्या अनुसूचीत विभाग होते आणि दुसरीत मंत्रिमंडळापुढे आणलीच पाहिजेत अशी प्रकरणे. मुख्यमंत्र्यांचे अधिकार ज्याला खरोखर समजून घ्यायचे आहेत, त्याने घटनेइतकेच कार्यनियमावलीकडे लक्ष द्यावे.

मंत्रिमंडळ टिपणीचा प्रवास असा असतो. विभाग प्रस्ताव तयार करतो. पैशांचा विषय असेल तर वित्त विभागाचे अभिप्राय, कायद्याचा असेल तर विधी व न्याय विभागाचे, अनेकदा नियोजन विभागाचेही. सचिव सही करतात, खात्याचे मंत्री मान्यता देतात. मग टिपणी मंत्रिमंडळापुढे ठेवण्यास मुख्यमंत्र्यांची मान्यता लागते. मुख्य सचिव हे मंत्रिमंडळाचे सचिव. विषयपत्रिका त्यांच्याकडून निघते. मुख्यमंत्र्यांच्या अधिकाराचे टोक इथे आहे. प्रस्ताव नाकारायची गरजच नसते. फाइलीवर 'चर्चा करावी' एवढे दोन शब्द आले की सचिवाला समजते, काय ते. ती चर्चा पुढच्या आठवड्यात होऊ शकते किंवा पुढच्या अधिवेशनानंतर. उलट ज्या विषयाची निकड वाटते तो छापील विषयपत्रिकेत नसतानाही ऐनवेळचा विषय म्हणून येतो, आणि वित्त विभागाचा विरोध टिपणीत नोंदलेला असूनही मंजूर होतो. माझे स्पष्ट मत आहे की ऐनवेळचे विषय जितके वाढतात तितके ते मंत्रिमंडळ कच्चे असते. इतर मंत्र्यांनी टिपणी वाचलेलीच नसेल तर सामुदायिक जबाबदारीला अर्थ काय राहिला?

बैठकीत मतदान होत नाही. मंत्री बोलतात, कधी आवाजही चढतात, आणि शेवटी मुख्यमंत्री निष्कर्ष सांगतात. तोच इतिवृत्तात जातो. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होते. चर्चेत चार जणांनी विरोध केला होता, हे त्यात राहत नाही. एकदा निर्णय झाला की तो सगळ्यांचा. न पटल्यास राजीनामा हा एकच सन्माननीय मार्ग, निदान तत्त्वाने.

अतिशय निकडीच्या वेळी मुख्यमंत्री मंत्रिमंडळाच्या कार्योत्तर मंजुरीच्या अधीन राहून मान्यता देऊ शकतात. पूर, भूकंप, मोठा अपघात अशा वेळी याशिवाय चालणारही नाही. हाच धागा केंद्रात किती लांब ताणता येतो, हे महाराष्ट्राने २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे पाहिले. केंद्राच्या कार्यनियमावलीतल्या नियम १२ खाली पंतप्रधानांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीशिवाय मान्यता दिली, पहाटे ५.४७ ला राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी शपथविधी झाला. ते सरकार काही दिवसांतच गेले.

बदल्यांबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही, कारण मंत्रालयातली निम्मी गर्दी त्यासाठी असते. २००५ चा महाराष्ट्राचा बदल्यांचा कायदा सांगतो की भारतीय प्रशासन सेवेसारख्या अखिल भारतीय सेवांतल्या आणि राज्य सेवांच्या वरच्या श्रेणीतल्या अधिकाऱ्यांच्या बदलीचे सक्षम प्राधिकारी मुख्यमंत्री आहेत. त्याखालच्या गट 'अ' आणि 'ब' च्या अधिकाऱ्यांचे अधिकार सचिवांशी विचारविनिमय करून खात्याच्या मंत्र्यांकडे. पदावरचा सर्वसाधारण काळ ३ वर्षे, बदल्या एप्रिल-मे मध्ये. मुदतीआधी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवून लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. मंत्र्यांच्या अखत्यारीतल्या प्रकरणांत ती मुख्यमंत्र्यांची. म्हणजे इथे मुख्यमंत्र्यांना मंत्र्यावर खरा, कायद्याने दिलेला नियंत्रणाचा अधिकार आहे. अडते ते 'कारणे लेखी' या दोन शब्दांवर. आमदाराच्या पत्रावर 'बदली करावी' असा शेरा येतो, प्रशासकीय निकड काय याचा शब्दही नसतो, अधिकारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातो आणि आदेश रद्द होतो. ज्या मुख्यमंत्र्यांचे कार्यालय अशी प्रकरणे कारणांसह परत मागवते, त्यांच्या काळात जिल्ह्यातला अधिकारी निर्धास्तपणे काम करतो. हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याचा फायदा थेट लोकांना होतो.

खातेवाटपात मुख्यमंत्री सामान्य प्रशासन खाते जवळजवळ नेहमीच स्वतःकडे ठेवतात. कारण उघड आहे: नेमणुका, सेवाशर्ती आणि मंत्रालयाची घडी तिथे आहे. नगरविकास आणि गृह ही खाती कधी मुख्यमंत्र्यांकडे, कधी सहकारी पक्षाकडे. आघाड्यांच्या काळात गोष्ट बदलली. १९९९ नंतरच्या काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारांत मुख्यमंत्री एका पक्षाचे, आणि गृह व वित्त दुसऱ्याकडे. अशा वेळी मुख्यमंत्र्यांना विषयपत्रिका रोखून धरता येते, पण मंत्र्याचे खाते काढून घेता येत नाही. ते काढायचे तर दुसऱ्या पक्षाच्या नेत्याशी बोलावे लागते. घटनेतला शब्द तोच आहे, जोर अर्धा झालेला. उपमुख्यमंत्रिपद याच गरजेतून येते. महाराष्ट्रात १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांच्या आघाडी सरकारात नासिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले. घटनेत या पदाचा उल्लेख नाही आणि त्याला वेगळे अधिकारही नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले की तो मंत्रीच असतो आणि असे नाव देण्यात घटनाबाह्य काही नाही.

मुख्यमंत्री निवडतो कोण, यावर त्यांची ताकद किती अवलंबून असते, हे महाराष्ट्राच्या इतिहासात स्वच्छ दिसते. १९५२ मध्ये मोरारजी देसाई स्वतः निवडणूक हरले, तरी पक्षाने त्यांना मुख्यमंत्री केले. सभागृहाचा सदस्य नसलेल्याला सहा महिने मंत्री राहता येते, या तरतुदीच्या आधारे. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचा नेता निवडताना मात्र आमदारांनी प्रत्यक्ष मतदान केले. यशवंतराव चव्हाणांना ३३३ आणि भाऊसाहेब हिरे यांना १११ मते पडली. त्या मतांच्या बळावर यशवंतरावांनी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे दिवस काढले, १ मे १९६० चा मंगल कलश आणला आणि १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यानंतर मारोतराव कन्नमवार. वर्षभरात त्यांचे पदावर असतानाच निधन झाले. मग डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत वसंतराव नाईक. अकरा वर्षांहून अधिक काळ हे पद पुन्हा कोणाला सलग मिळालेले नाही. १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमीची सुरुवात त्यांच्या काळातली. दीर्घ काळ स्थिर असलेला मुख्यमंत्री खात्यांवर किती काम उभे करू शकतो, याचा तो नमुना आहे.

पुढे निरीक्षक दिल्लीहून येऊ लागले, आमदार एका ओळीचा ठराव करून निवडीचे अधिकार श्रेष्ठींना देऊ लागले. १९८० ते १९९० या दशकात मुख्यमंत्री किती वेळा बदलले ते मोजा: अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, पुन्हा शंकरराव चव्हाण, शरद पवार. वरून नेमलेला मुख्यमंत्री मंत्र्याला 'नाही' म्हणायला कचरतो, कारण तोच मंत्री उद्या दिल्लीत तक्रार घेऊन जाऊ शकतो. खालून उलटणेही तितकेच सोपे होते, हे १९७८ मध्ये दिसले होते; अधिवेशन चालू असतानाच वसंतदादांचे सरकार पडले आणि ३७ वर्षांचे शरद पवार मुख्यमंत्री झाले. १९८० मध्ये तेही सरकार बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली. १९९४ च्या बोम्मई निकालानंतर अशी बरखास्ती अवघड झाली, कारण बहुमताचा फैसला सभागृहातच व्हावा असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले. वसंतराव नाईकांनंतर विधानसभेची पूर्ण मुदत मुख्यमंत्री राहिले ते देवेंद्र फडणवीस, २०१४ ते २०१९.

गोव्याचेही एक उदाहरण इथे द्यायला हवे. दयानंद बांदोडकर डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण व दीवचे पहिले मुख्यमंत्री झाले, पण तो केंद्रशासित प्रदेश होता. प्रशासकाचे मंत्रिमंडळाशी मतभेद झाले तर प्रकरण राष्ट्रपतींकडे जायचे. पदनाम तेच, पण शेवटचा शब्द दिल्लीचा. जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी, मतदान निःपक्ष व्हावे म्हणून, बांदोडकरांचे सरकार बाजूला झाले. गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याची त्यांची बाजू हरली, आणि त्यानंतरच्या निवडणुकीत लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झाले, तेव्हा तिथल्या मुख्यमंत्र्यांना मुंबईतल्या मुख्यमंत्र्यांइतके अधिकार मिळाले.

सहा महिन्यांच्या तरतुदीचा कस २०२० मध्ये लागला. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते, आणि करोनामुळे विधान परिषदेची निवडणूक पुढे गेली. एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने त्यांचे नाव राज्यपाल-नियुक्त जागेसाठी सुचवले. स्वतःच्या नावाची शिफारस होत असल्याने ते त्या बैठकीला नव्हते. उपमुख्यमंत्री अजित पवारांनी अध्यक्षस्थान घेतले. राज्यपालांनी निर्णय घेतला नाही. अखेर निवडणूक आयोगाने मे महिन्यात निवडणूक घेतली, ते बिनविरोध आले आणि मुदत संपायच्या आत शपथ झाली. राजीनामा देऊन पुन्हा शपथ घ्यायची आणि आणखी सहा महिने मिळवायचे, ही वाट सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच पंजाबच्या एका प्रकरणात बंद केली होती.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. घटनेत 'काळजीवाहू मुख्यमंत्री' हा शब्द नाही. राजीनामा स्वीकारल्यावर पर्यायी व्यवस्था होईपर्यंत काम पाहा, असे राज्यपाल सांगतात, आणि त्या काळात धोरणात्मक निर्णय घ्यायचे नाहीत हा संकेत आहे. राजीनामा दिलेला नसेल तोपर्यंत कायद्याने अधिकार पूर्ण असतात. २९ जून २०२२ ला नेमके हे घडले. दुसऱ्या दिवशी बहुमत सिद्ध करा, असे राज्यपालांचे पत्र आले होते. त्या दिवशीच्या मंत्रिमंडळ बैठकीत औरंगाबादचे संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव, असे निर्णय झाले. रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. नव्या सरकारने हे निर्णय औचित्याला धरून नाहीत असे म्हटले आणि १६ जुलैला तेच विषय पुन्हा मंत्रिमंडळात आणून मंजूर केले. संभाजीनगरच्या आधी 'छत्रपती' जोडले गेले. ज्या मंत्रिमंडळाने ही फेरमंजुरी दिली त्यात तेव्हा मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री असे दोघेच होते. घटनेत मंत्र्यांची किमान संख्या १२ सांगितली आहे, तरी ९ ऑगस्टपर्यंत तिसरा मंत्री आला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते असे म्हटले, पण चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे आधीचे सरकार परत आणता येणार नाही, असेही सांगितले. परीक्षेत हा मुद्दा आला तर एवढे नक्की लिहा: बहुमताबद्दल शंका असताना घेतलेला निर्णय केवळ त्या कारणाने अवैध होत नाही, त्याच्या औचित्यावर वाद होतो, आणि पुढचे मंत्रिमंडळ तो आपल्या बैठकीत बदलू शकते किंवा पुन्हा मंजूर करू शकते.